घराचं काम काढताय? डिझायनर की कॉन्ट्रॅक्टर, कसं ठरवायचं

घराचं काम काढायचं ठरलं की नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी सगळे एकेक फोन नंबर देतात. एक म्हणतो, "आमचा कॉन्ट्रॅक्टर एक नंबर आहे, डिझायनरची फी कशाला भरतेस?" दुसरी म्हणते, "डिझायनरच घे, सगळं तीच बघते." दोघांचेही सल्ले त्यांच्या त्यांच्या घरापुरते खरे असतात. तुमच्या घरात नक्की कसलं काम आहे, हे मात्र फार कमी जण विचारतात. खरं तर निवड त्यावरच ठरते.

मी पुण्यात दोन घरांची कामं करून घेतली आहेत. एक कोथरूडमधला सासूसासऱ्यांचा जुना फ्लॅट आणि दुसरा वाकडला आम्ही घेतलेला नवा. पहिल्या घरात सगळा भार कॉन्ट्रॅक्टरवर होता, दुसऱ्यात डिझायनरचा खरा उपयोग झाला. या दोन्ही कामांमधून माझं एक मत पक्कं झालं आहे. ड्रॉइंगचे पैसे आणि कामाचे पैसे वेगळे ठेवा. ड्रॉइंग हातात असेल तर कोणत्याही कॉन्ट्रॅक्टरला नेमका प्रश्न विचारता येतो, आणि काम मोजायला तटस्थ माप मिळतं. ड्रॉइंग काढणारा, दर लावणारा, मोजमाप घेणारा आणि बिल करणारा एकच असेल, तर तो कितीही सज्जन असला तरी तुमच्या बाजूने मोजणारं कुणी उरत नाही.

आता क्रमाने बघू.

१. आधी इमारत ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट टाइल्सच्या दुकानात जातात. पुण्यात ढोबळमानाने तीन प्रकारच्या इमारती आहेत आणि प्रत्येकीत काय करता येतं ते वेगळं आहे.

पेठांमध्ये आणि डेक्कनच्या जुन्या भागात विटांच्या जाड भिंतींवर उभ्या असलेल्या, म्हणजे लोडबेअरिंग इमारती अजून आहेत. तिथे भिंत हाच खांब. अशा घरात स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून "ओपन किचन" करायचा विचार असेल, तर डिझायनरच्याही आणि कॉन्ट्रॅक्टरच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची लेखी परवानगी नसेल तर भिंतीला हातोडा लावू नका. कुणी नुसती टिचकी मारून "ही पार्टिशनच आहे, काढू आरामात" म्हणालं, तर त्याला नमस्कार करून निरोप द्या.

दुसरा प्रकार कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे, बिबवेवाडी या भागांतल्या १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या इमारतींचा. आरसीसीचे खांब आणि मध्ये विटांच्या भिंती. आतल्या भिंती बऱ्याचदा काढता येतात, पण इथला खरा खर्च भिंतीत दडलेला असतो. जुने जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप आतून गंजलेले असतात. वायरिंग दोन पंखे आणि एका फ्रिजच्या हिशोबाने केलेलं असतं आणि आता त्यावर एसी, गिझर, इंडक्शन चालवायचा असतो. बाथरूमचा वॉटरप्रूफिंगचा थर कधीच संपलेला असतो. हे काम गवंडी, प्लंबर आणि वायरमनचं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बजेट कमी पडलं की त्यालाच पहिली कात्री लागते. तसं करू नका. नवं फर्निचर दोन वर्षांनी करता येतं. टाइल्सखालचा पाइप दोन वर्षांनी बदलायचा तर टाइल्स पुन्हा फोडाव्या लागतात.

तिसरा प्रकार हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडीकडच्या नव्या टॉवर्सचा. यांतल्या बऱ्याच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या असतात. साइटवर याला मायवान म्हणतात. तिथे आतल्या बहुतेक भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच असतात. त्या काढता येत नाहीत, आणि वायरसाठी त्यांत खाच मारायलाही बिल्डर आणि सोसायटी सहसा मनाई करतात. जादा स्विच बोर्ड हवा असेल तर वायर पॅनेलिंगच्या मागून किंवा फॉल्स सीलिंगमधून फिरवावी लागते. म्हणजे इथे फोडाफोड जवळपास नाही, पण आखणी खूप. आणखी एक गोष्ट. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या हक्कांसाठीच्या कायद्याप्रमाणे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला, तर तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुम्ही बाथरूम फोडून नवं केलंत आणि मग गळती झाली, तर बिल्डर पहिलं बोट तुमच्या कामाकडे दाखवणार.

आणि जुन्या सोसायटीत राहत असाल तर एक प्रश्न सर्वांत आधी सेक्रेटरींना विचारा: पुनर्विकासाची चर्चा चालू आहे का? सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात तो विषय आला असेल तर लाखो रुपयांचं फर्निचर करण्याआधी थांबा. गळती, वायरिंग, रंग एवढंच करून घ्या. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने संपूर्ण घर नवं केलं आणि थोड्याच काळात सोसायटीने विकसक नेमला. भिंतीला ठोकलेलं फर्निचर नव्या घरात नेता येत नाही.

२. कामाची यादी दोन भागांत लिहा

वही घ्या आणि घरातून खोलीखोलीने फिरा. एका पानावर "फोडायचं-बांधायचं" लिहा: फरशी, बाथरूम, पाइप, वायरिंग, ओटा, प्लास्टर, खिडक्या, वॉटरप्रूफिंग. दुसऱ्या पानावर "आखायचं-मांडायचं": कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, दिवे, बेड, देवघर, बसायची जागा, पडदे, रंगसंगती.

दुसरं पान भरताना घरात काय काय सामान आहे तेही लिहा. गौरी-गणपतीचं मखर आणि सजावटीचं सामान कुठे ठेवता? पाहुण्यांच्या गाद्या? वर्षाचं धान्य, मोठी पातेली, लोणच्याच्या बरण्या? आईंना गुडघ्यांमुळे खालच्या कप्प्यापर्यंत वाकता येतं का? डिझायनरला हे आपण सांगितलं तरच कळतं. नाही सांगितलं तर सुंदर कपाट तयार होतं आणि मखर पलंगाखालीच राहतं.

पहिलं पान लांब असेल तर तुम्हाला आधी चांगला कॉन्ट्रॅक्टर शोधायचा आहे. दुसरं लांब असेल तर डिझायनर. दोन्ही सारखीच लांब असतील तर दोघंही लागतील, आणि तेव्हा क्रम महत्त्वाचा आहे. तो पुढे सांगते.

३. कोण काय करतं

आर्किटेक्ट: १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेली व्यक्ती. नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

इंटिरिअर डिझायनर: या नावाला तशी सक्तीची नोंदणी नाही. पदवी किंवा पदविका घेतलेले, वर्षानुवर्षं काम केलेले उत्तम डिझायनर पुण्यात भरपूर आहेत. पण काही महिन्यांचा कोर्स करून, किंवा नुसतं सॉफ्टवेअर शिकूनसुद्धा कुणी ही पाटी लावू शकतो. म्हणून कार्डावरच्या नावापेक्षा झालेलं काम बघायचं.

सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर: गवंडी, फरशीवाले, प्लंबर, वायरमन यांची टीम घेऊन फोडाफोडीपासून फरशीपर्यंत काम करतो.

इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टर: इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. ही पाटी लावणारे बरेच जण मूळचे सुतारकामाचे ठेकेदार असतात. कपाटं उत्तम करतात, पण बाथरूमचं काम आलं की दुसऱ्याला पोटठेका देतात. गळती झाली की तो पोटठेकेदार फोन उचलत नाही. "तुमची स्वतःची माणसं कोणत्या कामाची आहेत आणि कोणतं काम बाहेर देता?" हे पहिल्याच भेटीत विचारा.

टर्नकी: डिझाइनपासून पडद्यांपर्यंत सगळं एकाच छताखाली. ज्यांना रोज साइटवर जाणं अजिबात शक्य नाही, परदेशात राहतात, त्यांच्यासाठी सोयीचं. पण तिथेही ड्रॉइंगचा वेगळा आकडा लिहून मागा, आणि मध्येच संबंध तुटले तर ड्रॉइंग तुमची राहतील असं करारात घाला.

४. आता निवड करा

बाथरूमची गळती, पाइप बदलणं, फरशी, रंग एवढंच असेल तर थेट सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर. डिझायनरची गरज नाही. टाइल्स तुम्ही स्वतः निवडू शकता.

नवा फ्लॅट, फक्त दोन कपाटं आणि किचनच्या ट्रॉल्या: चांगला सुतार ठेकेदार किंवा फॅक्टरीत मॉड्युलर फर्निचर करणारा पुरेसा आहे. त्याच्याकडून मापांसह ड्रॉइंग मात्र घ्या.

नवा फ्लॅट, लहान जागा, तीन पिढ्या एकत्र, घरून काम करणारा एखादा: इथे डिझायनरची फी सर्वांत जास्त वसूल होते. दोन खोल्यांत चार माणसांच्या गरजा बसवणं ही खरी कला आहे. माझ्या मते डिझायनरचं मोल अशा घरात दिसतं. मोठ्या बंगल्यात जागाच इतकी असते की चूक सहज लपते.

जुनं घर पूर्ण नवं करायचं असेल तर दोघंही, वेगवेगळ्या करारांनी. डिझायनर आधी, कॉन्ट्रॅक्टर नंतर. कारण स्विच बोर्ड, नळ, गिझर, एसीचा पाइप यांच्या जागा फोडाफोडीच्या आधी ठरलेल्या लागतात. फरशी झाल्यावर डिझायनर आणला तर बेडच्या डोक्याशी बोर्ड हवा म्हणून नवी भिंत पुन्हा फोडावी लागते.

डिझायनरची पूर्ण फी परवडत नसेल तर मधला मार्ग आहे: फक्त लेआउट आणि ड्रॉइंगचं काम द्या, देखरेख तुम्ही करा. बरेच डिझायनर असं काम घेतात. विचारायला संकोच करू नका.

५. डिझायनरशी बोलताना

फी कशी आकारतात ते आधी विचारा. तीन पद्धती प्रचलित आहेत: चौरस फुटावर, ठरावीक रक्कम, किंवा एकूण खर्चाच्या काही टक्के. टक्केवारीत अडचण अशी की खर्च वाढला की फीही वाढते. मी ठरावीक रकमेच्या बाजूची आहे.

चौरस फुटावर फी असेल तर कोणता एरिया, हे लिहून घ्या. रेरातला कार्पेट एरिया (घराच्या आतली वापरायची जागा) आणि जुन्या पद्धतीचा सुपर बिल्टअप (जिना, लिफ्टचा वाटाही धरलेला) यांत मोठा फरक पडतो.

थ्रीडी चित्रं बघून हरखून जाऊ नका. चित्रावरून सुतार काम करू शकत नाही. तुम्हाला हवी ती वर्किंग ड्रॉइंग: फर्निचर लेआउट, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, फरशी आणि सीलिंगचे नकाशे, आणि प्रत्येक कपाटाचं मापांसह समोरून आणि आतून काढलेलं ड्रॉइंग. किती वेळा बदल फीमध्ये धरले आहेत आणि साइटवर किती भेटी देणार, तेही लिहून घ्या.

दुकानदाराकडून डिझायनरला किंवा कॉन्ट्रॅक्टरला कमिशन मिळणं या व्यवसायात नवं नाही. त्यावर चिडण्यापेक्षा सरळ विचारा, आणि वस्तूंचा ब्रँड, जाडी, मॉडेल लिहून घेऊन स्वतः दर काढा. प्लायवूडसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, हार्डवेअरसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, वायर-दिव्यांसाठी तापकीर गल्ली. एक सकाळ पेठेत घालवलीत तर पुढच्या सगळ्या बोलण्यात तुमचा आवाज बदलतो. सणाच्या दिवसांत आणि गणपतीत मात्र तिकडे फिरकू नका, गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

६. कॉन्ट्रॅक्टरचे दर मागवताना

सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात आणि इथेच जातात. तीन कॉन्ट्रॅक्टरना घर दाखवून "किती होतील?" असं विचारलंत, तर तिघं तीन वेगळ्या कामांचे आकडे देतील आणि तुम्ही सर्वांत कमी आकडा निवडाल. त्याऐवजी स्वतःची यादी करा, म्हणजे बीओक्यू: काम, माप, साहित्य, एकक. तीच यादी तिघांना द्या आणि फक्त दराचा रकाना भरायला सांगा. डिझायनर असेल तर हे त्याचं काम आहे.

उदाहरण घ्या. ७ बाय ७ फुटांचं कपाट, वर २ फुटांचा लॉफ्ट, म्हणजे माळा. समजा, एकाने चौरस फुटाला १,४०० सांगितले आणि दुसऱ्याने १,६००. पहिला स्वस्त वाटतो. पण कपाटाचे ४९ चौरस फूट आणि लॉफ्टचे १४, दोन्हींना पहिल्याने तोच दर लावला तर ८८,२०० होतात. दुसरा लॉफ्टला निम्मा दर लावतो, त्याचे ८९,६०० होतात. फरक उरला १,४०० रुपयांचा. आता पहिल्याच्या दरात ड्रॉवर, हँडल आणि आतलं लॅमिनेट (सनमायका) धरलेलं नसेल आणि दुसऱ्याच्या दरात असेल, तर महाग कोण? दर विचारताना प्रत्येक वेळी "यात काय नाही?" असं विचारा. "यात काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "सगळं आहे, ताई" असंच येतं.

लेबर रेट (फक्त मजुरी) की विथ मटेरियल (साहित्यासकट), हा दुसरा निर्णय. वेळ असेल आणि बाजाराची थोडी ओळख असेल तर प्लाय, टाइल्स, नळ, वायर स्वतः आणा आणि सिमेंट-वाळूसारखं किरकोळ त्याच्याकडे ठेवा. वेळ नसेल तर विथ मटेरियल द्या, पण साहित्याचा तपशील असा लिहून घ्या:

प्लाय: कोरड्या जागी आयएस ३०३ या भारतीय मानकाचा, ओल्या जागी आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. कपाटाच्या सांगाड्याला १८ किंवा १९ मिमी. शीटवर आयएसआय मार्क आणि परवाना क्रमांक असतो. तो सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय" या शब्दांवर विसंबू नका.

लॅमिनेट: बाहेरून १ मिमी, ब्रँड आणि शेड नंबरसकट.

वायर: दिवे-पंख्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५, एसी-गिझरला ४ चौरस मिमी. बोर्डात ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. भार वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या आणि वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करा.

फरशी: किती टक्के वेस्टेज (कापताना, फुटून वाया जाणारा माल) धरलं ते विचारा. ५ ते १० टक्के ठीक. काम झाल्यावर त्याच बॅचचा एक बॉक्स जपून ठेवा.

प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरचं एक संपलेलं आणि एक चालू काम बघा. चालू काम जास्त बोलतं: सामान कसं रचलंय, पाइप सरळ आहेत का, कामगार डिझाइनचा कागद बघून काम करतात की तोंडी. संपलेल्या घरी गेलात तर सगळं छान दिसेल. तिथे घरमालकिणीला एकच विचारा: काम झाल्यावर काही बिघडलं तेव्हा तो आला का?

७. सोसायटी आणि परवानग्या

काम ठरवण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरात फेरफार करायला समितीची परवानगी लागते. बहुतेक सोसायट्या अनामत घेतात, कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि रविवारची सुट्टी ठरवून देतात. हे नियम कॉन्ट्रॅक्टरला करारापूर्वी दाखवा, म्हणजे नंतर "मला दिवसाला पाचच तास मिळाले" हे कारण येणार नाही.

इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल मागा. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. भिंतीला ओल असेल तर ती कुठून येते ते आधी शोधा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, तुमच्या बाथरूममधून येत असेल तर तुमची. ओल न थांबवता रंग लावला तर पुढच्या पावसाळ्यात तो पापुद्र्यांनी निघतो.

आतल्या साध्या दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही. पण खांब-तुळईला धक्का, बाल्कनी बंद करणं, बाहेरून दिसणारा बदल यांसाठी आधी आर्किटेक्टला विचारा. टॉयलेटची जागा हलवू नका. नव्या जागेच्या खाली कुणाचं स्वयंपाकघर असू शकतं, आणि त्या नव्या जागी पाइपांसाठी स्लॅब खाली घेतलेला नसल्यामुळे गळतीची भीती कायमची राहते.

राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार, हे करारात हवंच. नदीपात्रात किंवा रस्त्याकडेला टाकलेल्या राडारोड्यावर महापालिका दंड करते. आपल्या घराच्या विटा मुठा नदीत जाऊ नयेत, याची काळजी आपणच घ्यायची आहे.

८. करार आणि हप्ते

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण सही झालेला हवा. त्यात हे असू द्या: बीओक्यू, ड्रॉइंगचे क्रमांक, साहित्याचे ब्रँड, सुरू आणि पूर्ण व्हायची तारीख, उशीर झाला तर काय, जादा कामाचा दर आधी लेखी ठरल्याशिवाय काम करायचं नाही, गळतीची हमी किती वर्षं, आणि कामगारांच्या अपघाताची जबाबदारी कुणाची.

पैसे तारखेला देऊ नका, टप्प्याला द्या. मी सुचवते ती विभागणी: सुरुवातीला १० टक्के, फोडाफोड आणि पाइप-वायरिंगची चाचणी झाल्यावर २५, फरशी झाल्यावर २५, फर्निचरचे सांगाडे उभे राहिल्यावर २०, रंग आणि फिटिंग झाल्यावर १०, आणि उरलेले १० टक्के एक पावसाळा गेल्यावर. शेवटच्या अटीवर कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल. निदान बाथरूमच्या रकमेपुरती तरी ती धरून ठेवा. निम्मे पैसे आधी मागणाऱ्याला काम देऊ नका. बहुतेक वेळा ते आधीच्या साइटचं देणं भागवायला हवे असतात.

"बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य ऐकायला मिळेलच. कामावर आणि डिझायनरच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह होतो. पण बिल नसेल तर तक्रार करताना हात रिकामे राहतात. वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्या छोट्या ठेकेदाराला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी आकारूही शकत नाही. आकारत असेल तर त्याचा १५ अंकी-अक्षरी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. पैसे बँकेतूनच द्या. एका कामापोटी रोख २ लाख किंवा जास्त घेणं आयकर कायद्याला मान्य नाही.

९. काम चालू असताना

वेळापत्रक करताना दिवाळी ही मुदत सगळ्यांचीच असते हे लक्षात घ्या. दसऱ्यानंतर चांगले सुतार मिळत नाहीत. पुण्यातले बरेच सुतार राजस्थान, उत्तर प्रदेशचे आहेत आणि होळी-दिवाळीला गावी जातात. पितृपक्षात लोक नवं काम सुरू करत नाहीत, म्हणून त्या दिवसांत ठेकेदारांना बोलायला वेळ असतो. दर मागवायला तो काळ चांगला. रंगकाम शक्यतो पावसाळ्यानंतर ठेवा.

या तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. बाकी एखादवेळ सुटलं तरी चालेल.

पाइप भिंतीत बुजवण्याआधी दाबाची चाचणी. सगळी तोंडं बंद करून पंपाने दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का बघायचं.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅपचं (पाणी जायच्या जाळीचं) तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, ते आनंदाने दार उघडतात. ही चाचणी होईपर्यंत टाइल्सला हात लावू देऊ नका, माणसं रिकामी बसली तरी चालेल.

पाइप आणि वायर बुजण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो, टेप धरून. पुढे तस्वीर टांगायला खिळा मारताना हे फोटो पाइप वाचवतात.

जादा काम निघालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर काम, माप, दर लिहा आणि समोरून "ओके" घ्या. साइटवर मिस्त्रींशी आदराने बोला, चहा द्या, पण बदल सांगायचे ते फक्त कॉन्ट्रॅक्टरला. सासूबाईंनी गवंड्याला एक, तुम्ही सुताराला दुसरं आणि डिझायनरने तिसरं सांगितलं, तर दोष कुणाचा हे कधीच ठरत नाही. घरातून एकच माणूस बोलेल हे पहिल्या दिवशी ठरवा.

१०. कागदांची फाइल

एका फाइलमध्ये हे सगळं ठेवा: बिल्डरचा किंवा मंजूर नकाशा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीचं परवानगी पत्र आणि अनामतीची पावती, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र असल्यास, ड्रॉइंगचा शेवटचा संच, बीओक्यू, दोन्ही करार, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, पक्की बिलं, बँकेच्या नोंदी, वॉरंटी कार्ड, पाइपांचे फोटो. पुढे घर विकलंत तर सुधारणेचा खर्च कॅपिटल गेनच्या, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या कराच्या हिशोबात दाखवायला हीच बिलं लागतात.

आणि वाद झालाच, तर आधी दोषांची यादी फोटोंसह लेखी द्या आणि दुरुस्तीला मुदत द्या. मुदत उलटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून गळतीचा पहिला डाग दिसला की त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि कॉन्ट्रॅक्टरला पाठवून ठेवा.